बहीण असल्याच्या कारणास्तव प्रवेशिका नाकारून मिळणेबाबत

प्रति,
मा. अधीक्षक, गृहपाककला विभाग,
वार्षिक कृषी मेळा,
ग्रामीण नगरपालिका लुंडव्हिक, मॅनिटोबा.

अर्जदार : श्रीमती इंगा फिनबोगासन (माहेरच्या एगर्टसन), निवृत्त शाळा-बसचालक, रा. सरोवर रस्ता, लुंडव्हिक.

विषय : व्हिनारटेर्टा केक वर्गातील अर्जदाराची प्रवेशिका नाकारण्याबाबत व तसे लेखी कळवण्याबाबत.

संदर्भ : १) मेळ्याचा नियम क्र. १४. २) आपल्या कार्यालयातील श्रीमती मर्ना यांच्याशी खिडकीवर झालेली बोलाचाली.

महोदय,

१. अर्जदार सविनय सादर करते की, ती आपल्या मेळ्यात कित्येक वर्षे व्हिनारटेर्टा घेऊन येते आणि दरवर्षी दुसरी येते. सात थर, मध्ये सुक्या आलुबुखाराचे सारण, वरून साखरेचा लेप नाही. याबाबतीत अर्जदाराचे घराणे तडजोड करीत नाही. परीक्षक श्रीमती डेल्ला कोवाल्चुक (निवृत्त पोस्टमास्तर, रा. झोरिया) चिठ्ठीवर दरवर्षी एकच शेरा मारतात : ‘वेलदोडा जरा हात राखून घालावा.’ आमच्या आइसलँडी केकची परीक्षा युक्रेनी बाईने का करावी, यावर अर्जदाराने चर्चच्या तळघरात कॉफी पिताना वेळोवेळी जे उद्गार काढले, ते ती या अर्जाद्वारे बिनशर्त मागे घेत आहे.

२. अर्जदारास वंशावळीचा नाद आहे. हजार-अकराशे वर्षांपूर्वी राजाशी भांडून आइसलँडच्या होडीत बसलेल्या मूळपुरुषापर्यंत तिने एगर्टसनांची साखळी नेऊन भिडवली असून ती बैठकीच्या भिंतीवर लावली आहे. आईबापांची ती एकुलती एक. गेल्या नाताळात सून ब्रेंडा हिने तिला लाळतपासणीची नळी भेट दिली व म्हणाली, “आई, मेलेल्यांचं पुष्कळ झालं. आता थुंका यात, आणि जिवंत कोण आहे ते बघा.” निकाल आला. वडिलांच्या बाजूने ‘डी. के.’ अशा कोणा बाईशी अर्जदाराचे चार आणे रक्त जुळत होते. म्हणजे आत्या, नाहीतर सावत्र बहीण. वडिलांना बहीण नव्हती. उरले ते उरले. डी. के. यांनी नाव झाकून ठेवले होते आणि त्या एकाही निरोपाला उत्तर देत नव्हत्या.

३. सबब अर्जदाराने वडिलांचे जुने सोबती स्टेइनी थोरलाक्सन यांची वृद्धाश्रमात गाठ घेतली. वडील कै. ओली एगर्टसन व हे गृहस्थ हिवाळ्यात गोठलेल्या सरोवरावर तळ ठोकून मासेमारीची जाळी टाकीत. अर्जदाराने आडून आडून विचारताच ते म्हणाले, “आडून कशाला विचारतेस, पोरी? तळावर स्वयंपाकाला स्टेफा होती. तुझा बाप बर्फावरून आला की दाढी करायचा. दाढीत मिशीत बर्फ धरायचं अशी थंडी! अशा थंडीत माणूस उगाच दाढी करतो होय?” बर्फ फुटले, तळ उठला, आणि स्टेफाच्या घरच्यांनी घाईघाईने तिला झोरियाच्या मायकेल कोवाल्चुक यांच्या घरी दिली. ओलींना पुढचे काही कळले नसावे, असे स्टेइनींचे मत. ही हकीकत अर्जदाराच्या आईवडिलांच्या लग्नाआधीची असल्याने अर्जदाराचा तीवर आक्षेप नाही. मात्र ‘झोरियाचे कोवाल्चुक’ हे शब्द कानी पडताच डी. के. कोण, हे तिच्या लख्ख ध्यानात आले. गाडीत बसून ती बराच वेळ एकटीच हसली. मग हसू आपोआप थांबले. अकराशे वर्षे मागे जाऊन आलेल्या बाईला पंधरा मैलांवरची बहीण दिसली नव्हती.

४. अर्जदार थेट झोरियाला गेली. डेल्लाबाईंनी दार अर्धेच उघडले. “निकालाबद्दल तक्रार असेल तर ऑफिसात जा.”

“तक्रार आहे,” अर्जदार म्हणाली, “पण ती आपल्या बापाबद्दल आहे.”

त्यावर डेल्लाबाईंचा चेहरा पडला. त्यांना लाळेचा निकाल आधीच ठाऊक होता. “माझे बाबा मायकेल कोवाल्चुक. ताप आला की रात्रभर उशाशी बसायचे ते. मला दुसरा बाप नकोय.”

“बाप नको तर नको घेऊस. मी बहीण मागायला आलेय.”

दार लागले. अर्जदार घरी आली व आठवडाभर कोणाशी धड बोलली नाही. बसमध्ये साठ पोरांचा गोंधळ ऐकून जिचे डोके कधी दुखले नाही, तिचे त्या शांततेने दुखले.

५. ईस्टर होऊन गेल्यावर डेल्लाबाई बिटाच्या सूपचे पातेले घेऊन अर्जदाराच्या दारात उभ्या राहिल्या. “जास्त झालं होतं,” एवढेच म्हणाल्या. भिंतीवरच्या वंशावळीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. सूप संपल्यावर मात्र खाली मान घालून त्यांनी विचारले, “हसायचा कसा तो?” आता हसणे सांगणार कसे? अर्जदाराने करून दाखवले : तोंड मिटलेले, आवाज नाही, नुसते खांदे गदगदा हलतात आणि डोळ्यांतून पाणी. डेल्लाबाईंनी पातेले बाजूला सारले. म्हणाल्या, “आमच्या घरी सगळे खो खो हसायचे. मी एकटीच अशी. आई बघत राहायची माझ्याकडे.” आणि त्या तशाच हसू लागल्या, की रडू लागल्या, हे अर्जदार खात्रीपूर्वक सांगू शकत नाही, कारण तिचेही खांदे हलत होते.

६. आता मूळ मुद्दा. नियम १४ अन्वये परीक्षकांचे आईवडील, भावंडे व मुले यांना त्या वर्गात भाग घेता येत नाही. अर्जदाराने प्रवेशिका भरली, त्यात ‘परीक्षकांशी नाते’ या रकान्यात ‘बहीण’ असे ठळक लिहिले व ती नाकारली जाण्याची वाट पाहिली. ती चक्क स्वीकारली गेली! खिडकीवर विचारता श्रीमती मर्ना म्हणाल्या, “अहो इंगाबाई, भावंडं म्हणजे सख्खी. सावत्र चालतात. बिनधास्त या केक घेऊन!” अर्जदाराने आवाज चढवला, हे खरे आहे. प्रांताच्या जन्मनोंदणी कार्यालयानेही हात वर केले आहेत. तिथे पित्याच्या जागी मायकेल कोवाल्चुक यांचे नाव आहे, आणि ते खोडावे असे डेल्लाबाईंना वाटत नाही; अर्जदारालाही वाटत नाही. त्या भल्या माणसाचे नाव जिथे आहे तिथेच शोभते.

७. मधल्या काळात डेल्लाबाईंनी परीक्षकपदाचा राजीनामा लिहून आपल्याकडे पाठवल्याचे समजते. “तू वर्षातून एकदा भाग घेतेस, तोही माझ्यामुळे जायचा?” असे त्यांचे म्हणणे. “दुसरी येण्यासाठी एवढी धडपड कोण करतं? तू राहा परीक्षक!” असे अर्जदाराचे. यावरून दोघींची जी जुंपली, ती पाहून ब्रेंडा म्हणाली, “लाळ तपासायची गरजच नव्हती.” तरी सदर राजीनामा कृपया स्वीकारू नये.

८. महोदय, या दोघी बहिणी आहेत असे लिहून देणारे पृथ्वीच्या पाठीवर एकच कार्यालय उरले आहे, आणि ते आपले आहे. तरी विनंती की, अर्जदाराची प्रवेशिका नाकारावी व कारणाच्या जागी ‘परीक्षक श्रीमती डेल्ला कोवाल्चुक यांची बहीण’ असे स्पष्ट नमूद करावे. ‘सावत्र’ हा शब्द लिहिण्याची तसदी घेऊ नये. पत्रावर मेळ्याचा शिक्का असावा. पत्र दोन प्रतींत मिळावे. दुसरी प्रत डेल्लाबाईंसाठी आहे. त्यांनी स्वतः ती मागितलेली नाही, त्यांचा तो स्वभाव नाही. पण काल अर्जदार त्यांच्याकडे गेली तेव्हा मायकेल कोवाल्चुक यांच्या फोटोशेजारी भिंतीवर नवा खिळा ठोकलेला होता, आणि त्यावर अजून काहीही टांगलेले नव्हते.

आपल्या नकाराच्या प्रतीक्षेत,

आपली नम्र,
(सही)
इंगा फिनबोगासन
लुंडव्हिक, दि. १९ जून

सोबत : लाळतपासणीचे निकाल, दोघींचे.