रक्ताचा रिपोर्ट आणि नातीचं न्हाणं

४ एप्रिल
टँकर आज पण नाही. बिल्डिंगी रोज नव्या, पाणी तेवढंच. सूनबाईनं बाळापुरती एक बादली झाकून ठेवली. पण न्हाऊ घालणार कोण? आमच्या मंडळींच्या, शकूच्या नडग्यांवर सोरायसिसचे चट्टे, अन् बाळाला घ्यायचं ते पायावरच. म्हणते, "नको बाई, पोरीला लागलं तर?" सूनबाई सांगून थकली, "आई, लागत नाही हो." ऐकत नाही. दुपटी शिवते, लांबून बघते.

९ एप्रिल
मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाई चट्टेवाल्यांचं रक्त घेऊन काही शोधत आहेत. शकूनं दिलं. केवढी नळी भरली! ती हसली, "सुई मला टोचली, डोळे तुम्ही का मिटले?" रिक्षात उदास दिसली. बोलून गेलो, "रक्तात सगळं कळतंय. रिपोर्ट चांगला आला की घे पोरीला पायावर." लई खूश.

१७ एप्रिल
रोज एकच. "आला का वं रिपोर्ट?" पोरगा चितेगावहून, कंपनीतून दमून येतो, त्यालाही तेच. मला झोप नाही. वाईट आला तर...

२१ एप्रिल
एकटाच दवाखान्यात. बाई म्हणाल्या, "बाबा, आजार उसळायच्या आधी रक्तात खुणा दिसतात का, कुणाला कोणतं औषध लागू पडेल, ते शोधतोय. अजून वर्षं लागतील. एकेकाला रिपोर्ट देत नाही."
"मग हा दुसऱ्याला लागतो का, ते तरी कळंल?"
"शिवून हा होतच नाही. त्याला रक्त कशाला तपासायला हवं?"
"पुढं पोरीला व्हईल का?"
"ते यातून कळत नाही."
न येणाऱ्या रिपोर्टाची वाट बघायला मीच तिला बसवून ठेवलं.

२३ एप्रिल
शकूला सांगायचं अजून राहिलंच. बाळ मान धरायला लागलं. पोरगी अशीच वाढली तर पायावर मावायची नाही.

२४ एप्रिल
सकाळी सांगितलं. रिपोर्ट यायचा नाय, अन् लागत नाय हे पक्कं. तिनं हातातलं दुपटं खाली ठेवलं. मग, "तुम्हाला कुणी सांगितलं होतं डॉक्टर व्हायला?" माझ्याकडं बघेना.
थोड्या वेळानं मोरीतून शकूचा आवाज, "पाणी लई कढत आणलंय, विसण द्या." दिलं. सूनबाई बाळाचं झबलं काढून उभी आहे. मी दाराबाहेर बसून लिहितोय. शकू पाटावर बसली. पाय अजून पोटाशीच घेतलेत.