चाळीस वर्षांत एकही ओरखडा नाही

अण्णा, तुमची गाडी अजून चालते. हे आधी सांगून टाकतो, कारण जिथे कुठे असाल तिथे तुमची पहिली चौकशी गाडीचीच असणार, माणसांची नंतर. इंजिन एका झटक्यात सुरू होतं, स्टेअरिंगजवळचा गिअर तिसऱ्यात जाताना अजून कुरकुरतो, आणि गावातली म्हातारी माणसं गाडी दिसली की अजून हात जोडतात, जसे काही तुम्हीच आत बसलायत. मी मात्र ती तुमच्यासारखी चालवत नाही. तुमच्यासारखी चालवणारा आजच्या वसईत आठवडाभर टिकायचा नाही. तुम्ही टिकलात, कारण तेव्हा रस्त्यावर तुम्ही, दोन टांगे आणि एक एसटी एवढाच कारभार होता. त्याला तुम्ही हातातली कला म्हणायचात.

मला शिकवलंत तो दिवस आठवतो. किल्ल्याकडचा रस्ता, पहाटेची वाडीतली फुलं बाजारात टाकून आपण परत येतोय. समोर सायकलवाला दिसला म्हणून मी पाय ब्रेकवर नेला, तर तुम्ही माझ्या गुडघ्यावर फाडकन मारलंत. ‘ब्रेक मारत चालवायचं असेल तर बैलगाडी घे. हॉर्न कशाला दिलाय?’ हॉर्न दिला की जग बाजूला होतं, हे तुमचं सगळं शास्त्र. उतार लागला की इंजिन बंद करून गाडी तशीच सोडून द्यायची, कारण पेट्रोल काय झाडाला लागतं? आणि दसऱ्याला बॉनेटवर झेंडूचा हार, चारही चाकांखाली लिंबं. ती फुटली की वर्षभराची सुरक्षितता झाली. ब्रेक ऑइल कधी बदललं होतं, असं तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही विचारणाऱ्यालाच बदललं असतं.

आणि ते टायर! गाडी फिरायची कमी, म्हणून टायरची नक्षी कोरीच्या कोरी. ‘नवे आहेत, हात लावायचा नाही,’ असं तुम्ही मरेपर्यंत सांगत होतात आणि मीही गाढवासारखा ऐकत होतो. मनवेलपाड्याचा एक मेकॅनिक आहे, माझ्या निम्म्या वयाचा. त्याने नक्षीकडे बघितलंसुद्धा नाही. खाली बसला, टायरच्या कडेला नख लावलं आणि म्हणाला, ‘काका, हे रबर नाय राहिलं, पापड झालाय. ऐंशीच्या स्पीडला फुटला ना, तर खेळ खल्लास.’ बारीक बारीक भेगा पडल्या होत्या. टायर झिजतो तसा म्हाताराही होतो, हे त्या पोराला कळतं. तुमच्या अख्ख्या मित्रमंडळात ते कुणाला कळलं नाही.

तुमचं मित्रमंडळ संपलं, पण त्यांचे वारसदार आहेत. जुन्या गाड्या बाळगणारे हौशी लोक. रविवारी सकाळी गाड्या पुसून आणतात, बंपरला बोट लागलं तरी रुमाल काढतात. एकदा मी विचारलं की मागचे दिवे एवढे मिणमिणते आहेत, मागच्या डंपरवाल्याला दिसणार कसे? तर एक जण हसून म्हणाला, ‘ओरिजिनल आहेत हो!’ म्हणजे मरण आलं तर तेही ओरिजिनल यावं. जुन्या गाडीचे ब्रेक उशिरा लागतात आणि लागताना गाडीला एका बाजूला ओढतात. म्हणून पुढच्या गाडीपासून दुप्पट लांब राहायचं. पुढची गाडी खांब ओलांडते तेव्हा मोजायला लागायचं आणि निदान चार म्हणेपर्यंत आपण त्या खांबापाशी पोचायचं नाही. आचोळ्याच्या रस्त्यावर तेवढी जागा सोडली की तिच्यात दोन रिक्षा आणि एक बाइक घुसते. घुसू दे. पुन्हा मागे व्हायचं, पुन्हा मोजायचं. समोरचा चुकणारच आहे, असं धरूनच चालवायचं. मी हे सांगायला लागलो की ही मंडळी घड्याळं बघतात. या चकचकीत बिनडोकांचा मला मनापासून तिटकारा आहे, आणि त्यांच्याकडे बघताना दर वेळी मला तुम्हीच दिसता.

आता मूळ गोष्ट. तुमच्या नातीचं लग्न झालं. हॉलपर्यंत नवरी आजोबांच्या गाडीतूनच जाणार, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. मी म्हटलं, जाईल, पण सीटबेल्ट बसवून घेतो, मगच. घरात भडकाच उडाला. शालू चुरगळेल, फोटोत पट्टा दिसेल, दागिने अडकतील. तुमचा धाकटा भाऊ, आमचे काका, ओसरीवरच्या खुर्चीत ताठ बसून म्हणाले, ‘अण्णाच्या गाडीला भोकं पाडणार तू? चाळीस वर्षं चालवली त्याने. चाळीस वर्षांत एकही ओरखडा नाही, ना गाडीला, ना माणसाला!’ सगळ्यांनी माना डोलावल्या. आई कोपऱ्यात अक्षता निवडत बसली होती. तिने पदर कपाळावर थोडा पुढे ओढला आणि निवडत राहिली.

त्या पदराखाली काय आहे हे त्या ओसरीवर दोघांनाच माहीत होतं. मी नऊ वर्षांचा आहे. हायवेवरून आपण तिघं घरी येतोय, मी मागे, आई पुढे तुमच्या शेजारी. उतार लागतो, तुम्ही इंजिन बंद करता, गाडी सुसाट आणि गप्प. आई मला सोललेलं मोसंबं द्यायला मागे वळते. पुढे गवताने भरलेला टेम्पो थांबलेला मला दिसतो, म्हणजे तुम्हालाही दिसत असणारच. तुम्ही हॉर्न वाजवता. पुन्हा वाजवता. ब्रेक मारता ते फार उशिरा, करकचून; गाडी टेम्पोपासून वीतभरावर थांबते. आईचं डोकं समोरच्या पत्र्यावर आपटल्याचा आवाज मी अजून विसरलेलो नाही. तुम्ही दार उघडून उतरलात, आणि अण्णा, तुम्ही आधी पुढे जाऊन बंपर बघितलात. ‘वाचला,’ म्हणालात. आईच्या कपाळाला स्वतःचा पंचा बांधला तो टेम्पोवाल्याने. घर जवळ आल्यावर तुम्ही आरशातून माझ्याकडे बघून बजावलंत, ‘आई न्हाणीत घसरली. काय?’ मी म्हटलं, न्हाणीत घसरली. तिच्या उजव्या डोळ्याला तेव्हापासून अंधुक दिसतं. ती त्या गाडीत पुन्हा बसली नाही. पेट्रोलच्या वासाने मळमळतं, असं सगळ्यांना सांगत आली. तुम्हीही चारचौघांत हसून म्हणायचात, ‘आमच्या हिला गाडी सोसत नाही.’ निर्लज्ज होतात तुम्ही. एवढं स्पष्ट मी कधी बोललो नव्हतो, आज बोलतो.

त्या दिवशी ओसरीवर एका वाक्यात काकांचं तोंड बंद करता आलं असतं. मी आईकडे बघितलं. तिने मान हलवली, नको म्हणून. मग मी काय केलं सांगू? म्हटलं, ‘अहो, हल्ली कॅमेरे लागलेत, पट्टा नसला तर ऐन मुहूर्ताला पोलीस अडवतील.’ एवढ्या जुन्या गाडीला अडवतात की नाही, मला काही ठाऊक नव्हतं. पण लागू पडलं. मुलीचा जीव म्हटल्यावर शालू आडवा आला होता, पोलीस म्हटल्यावर लगेच काका म्हणाले, ‘मग बसव बाबा, उगाच विघ्न नको.’ अशी ही आपली माणसं. तुमची अब्रू मात्र शाबूत राहिली, तीही माझ्याच हातून.

मेकॅनिकने तळाला जाड लोखंडी पट्ट्या लावून सीटबेल्टचे बोल्ट आवळले, नवे टायर घातले, ब्रेक ऑइल बदललं. लग्नाच्या सकाळी मी दोनदा वाडीच्या रस्त्याने गाडी फिरवून आणली. पोरगी आली, करवली आली. दोघी मागे बसल्या. मी स्वतः पट्टे लावले, शालू नीट केला. पोरगी म्हणाली, ‘बाबा, विमानात बसल्यासारखं वाटतंय.’ मला फार बरं वाटलं, खरं सांगतो. आयुष्यात तुमच्यावर पहिल्यांदा मात केली असं वाटलं.

तेवढ्यात आई आली. जरीचं लुगडं, हातात नातीसाठी मोगऱ्याचा गजरा. तो खिडकीतून दिला आणि वळसा घालून पुढच्या दाराशी आली, तुमच्या शेजारच्या त्या दाराशी. दार स्वतः उघडलं. सीटवर हात फिरवला, इकडून तिकडे चाचपडत. म्हणाली, ‘आता पट्टे लावलेत ना, मग मी पण येते. माझा कुठला?’

तिचा नव्हता. तीन बसवले होते, माझा आणि मागचे दोन. पुढे कोण बसणार, असं मेकॅनिकने विचारलं होतं तेव्हा मी म्हटलं होतं, कुणी नाही. आई त्या गाडीत बसत नाही, हे मला ठाऊकच होतं ना. तिला विचारावं, असं मनातसुद्धा आलं नाही.

मी काहीतरी बोललो, वेळ होतोय, वगैरे. तिने दार हळूच लावलं. ‘असू दे रे, मला तसंही मळमळतं,’ म्हणाली आणि काकांच्या रिक्षात जाऊन बसली. हॉलपर्यंत मी खांब मोजत, अंतर राखत, अगदी निर्दोष गाडी चालवली.

हे पत्र कुठे धाडायचं नाहीच. लग्नाला तीन आठवडे झाले, चौथा पट्टा अजून लावलेला नाही. खरं म्हणजे हे सगळं तिच्याशी बोलायला हवं. ती आत्ता पलीकडच्या खोलीत जागी आहे, तिच्या खोकल्याचा आवाज येतोय. आणि मी इथे बसून तुम्हाला लिहितोय.