निहार रात्रभर झोपतो

केयूर,

मी दोन-तीन दिवस मुलुंडला बाबांकडे जातेय. निहारला आठ वाजता मऊ भात भरव आणि झोपवून खोलीबाहेर ये. रात्री उठेलसं वाटत नाही. उठलाच तर लगेच उचलू नकोस, पाच मिनिटं थांब.

गेल्या आठवड्यात मी विचारलं होतं, "काल त्याला तू थोपटलंस ना?" तू म्हणालास, "मी कुठे? मला वाटलं, तूच." तेव्हापासून तो रात्री रडला की मी दाराबाहेरून ऐकतेय. दोन हलक्या थापा, मधेच बांगड्यांची किणकिण, की तो शांत. आईला जाऊन दीड महिना झाला, आणि मी बांगड्या घालत नाही.

तुला एक सांगितलेलं नाही. रविवारपासून तो आपणहून एकदाही उठलेला नाही. मीच उठवत होते. त्याच्या पायाला चिमटा काढायचा आणि दाराबाहेर उभं राहून ऐकायचं. काल थोपटणं मधेच थांबलं आणि आतून आई म्हणाली, "ऋता, झोपू दे गं त्याला."

म्हणून जातेय. त्याच्या डाव्या टाचेवर लाल डाग दिसेल, तिथे खोबरेल लाव.

ऋता