बायकांच्या रांगेतला भाऊ

ग्लेनफारन
बुधवार, २८ जानेवारी

तीर्थस्वरूप इफीताईस,

तुझ्या एकुलत्या एका भावाचा, मर्डोचा, गुडघ्यापर्यंत वाकून नमस्कार. (त्याहून खाली वाकत नाही यात उद्धटपणा नाही. माझं आणि गुडघ्यांचं सध्या काय चाललं आहे ते पुढे येईलच.) तुझी कंबर कशी आहे? कुत्र्याचं पोट? ओबानचा वारा? इकडे सगळं ठीक, म्हणजे पाऊस आहे, आणि पाऊस नसतो तेव्हा तो येणार असतो. नाताळचं कार्ड पोचलं. रॉबिन पक्षी सुरेख होता. आत ‘शुभेच्छा. श्रीमती यूफेमिया मॅकराय’ अशी पूर्ण सही केलीस ते बरं केलंस, नाहीतर ही कुठली इफी म्हणून मी आठवडाभर डोकं खाजवत बसलो असतो. तुझ्या कर्स्टीच्या लग्नाला येत्या जूनमध्ये चार वर्षं होतील. त्या लग्नात मी गाडीचे दिवे बघायला म्हणून बाहेर गेलो तेव्हापासून आपल्यात ही चौथी सही. मधल्या काळात मी फोन केला की तुझं कुत्रं आजारी असतं. एवढं आजारी कुत्रं इतकी वर्षं जगतं याचं मला खरोखर कौतुक वाटतं. असो. हे पत्र त्या लग्नाबद्दल नाही.

हे पत्र अशासाठी की मी नाच शिकतो आहे. हातातला चहा खाली ठेव, मग पुढे वाच. आपले गावचे नाच, चार जोड्यांचे, हॉलमध्ये, दर मंगळवारी साडेसातला. आता तू विचारशील (म्हणजे बोलत असतीस तर विचारलं असतंस) की सहासष्टाव्या वर्षी ही अवदसा का आठवली. कारण अगदी साधं आहे. ऑक्टोबरात घरचा बॉयलर बंद पडला, दुरुस्तीवाल्याने ‘बघतो’ म्हणून सांगितलं, आणि सगळ्या ग्लेनफारनमध्ये मंगळवारी संध्याकाळी फुकट ऊब मिळण्याचं ठिकाण एकच. मी आपला कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून, शेकत, वर्तमानपत्र वाचणार होतो. नाचाशी माझा काडीचा संबंध नाही आणि नव्हता.

पण शिकवायला ग्रिझेल पिटकेर्नबाई आहेत. तुला आठवतात ना? त्यांनी चाळीस वर्षं इथल्या शाळेत पोरं हाकली, आज वय अठ्ठ्याहत्तर, उंची माझ्या खांद्याला, आणि त्या हॉलमध्ये शिरल्या की निवृत्त पोलीससुद्धा अजून उठून उभा राहतो. बाईंनी माझं वर्तमानपत्र घेतलं, घडी केली, पियानोवर ठेवलं आणि मला दंडाला धरून पुरुषांच्या रांगेत उभं केलं. मी बॉयलरचं सांगायला तोंड उघडलं तर म्हणाल्या की नाचलास तर बॉयलर लागणार नाही. बाईंच्या मते नाच ही मजा नव्हे, ती चांगली वागणूक आहे, आणि ती आमच्या पिढीत कमी पडली. समोरासमोर दोन रांगा, इकडे चार पुरुष, तिकडे चार बायका. संगीत सुरू झालं की आपल्या जागेवरून निघायचं, सगळ्यांशी हात मिळवायचे, सगळ्यांच्या मधून वळणं घ्यायची आणि बरोबर ठोक्याला आपल्या जागेवर परत यायचं. (आपल्या घराण्यात निघून जाणं सगळ्यांना छान जमतं. परत येताना घोळ होतो.) आणि ज्याचा हात धरला त्याच्या डोळ्यांत बघायचं. याला बाई फार जपतात. आता सांग, आपल्या गावात कोण कोणाच्या डोळ्यांत बघतं? माझ्या शेजारी उभा होता लॅकी खाटीक. कुंपणाच्या भांडणानंतर सहा वर्षं आम्ही एकमेकांच्या टोप्यांशी बोलत होतो. ‘गिरणीवाल्याची सून’ नावाचा एक नाच आहे, त्यात मला लॅकीच्या डोळ्यांत आठ वेळा बघावं लागतं. ते निळे आहेत हे मला आजवर माहीत नव्हतं, आणि माहीत नसताना माझं उत्तम चाललं होतं.

दुसरी अडचण अशी की आम्ही सातच जण. नाचाला लागतात आठ. तर या धंद्यात अशी सोय आहे की रिकाम्या जागी एक भूत उभं आहे असं धरून चालायचं. खरंच त्याला भूतच म्हणतात, मी पदरचं सांगत नाही. त्याच्यापुढे हात करायचा, त्याला वळायला जागा द्यायची, ते निघून जाईपर्यंत थांबायचं, आणि हो, त्याच्याही डोळ्यांत बघायचं. नवखा म्हणून बाईंनी भूत मला दिलं. पाय तुडवला तर ते तक्रार करत नाही, असं कारण दिलं. माझं म्हणशील तर आमचं चांगलं जमलं. वयस्कर भूत होतं, मितभाषी, हात थंड. मी त्याला एकदोनदा हवापाण्याचंही विचारलं.

आणि मग पहिला सूर वाजला. तुला मी काय सांगणार, तूच ते मला शिकवलंस, पण कागदावर यावं म्हणून लिहितो. अकॉर्डियनचा पहिला लांब सूर येतो तेव्हा कोणी नाचत नाही. पुरुष कमरेत वाकतात आणि बायका घागऱ्याची टोकं धरून, एक पाय मागे नेऊन, गुडघे लववतात. मी वाकायच्या तयारीत होतो. डोक्यातून ‘वाक’ असा हुकूमही सुटला होता. पण तो कमरेपर्यंत पोचायच्या आत माझा डावा पाय आपणहून मागे गेला, दोन्ही गुडघे खाली गेले आणि माझ्या बोटांनी, ताई, पँटची दोन्ही टोकं चिमटीत धरली. चांगली लवून, नजर खाली घालून, मी लॅकी खाटकासकट अख्ख्या हॉलसमोर नमस्कार केला. वर आलो तेव्हा सगळा हॉल माझ्या चिमटीतल्या पँटकडे बघत होता.

तेवढ्यावर भागलं असतं तर मी म्हातारपणावर ढकललं असतं. पण पुढचं सगळंच तसं. पुरुषांनी खाली जायचं तिथे मी वर, पुरुषांनी बाहेरून वळायचं तिथे मी आतून, आणि दर वेळी परत यायच्या ठोक्याला मी बायकांच्या रांगेत, भुताच्या जागी, हात जोडून उभा. बाईंनी संगीत थांबवलं. ‘मर्डो,’ त्या म्हणाल्या, ‘भुताच्या जागी तू नाचतो आहेस. मग तुझ्या जागी कोण आहे?’ यावर लॅकी इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या दुकानात गेलो तर रांगेतल्या सगळ्यांदेखत त्याने विचारलं, ‘काय काकू, आज कलेजी देऊ?’ तेव्हापासून मी ग्लेनफारनचा काकू आहे. पोस्टमनही तेच म्हणतो. (मात्र कुंपणाचा विषय त्या दिवसापासून मिटला. ज्या माणसाला काकू म्हटलं त्याच्याशी कुंपणावरून भांडता येत नाही, असं लॅकीच म्हणाला.)

मी हट्टाला पेटलो. बाईंकडून नाचाची चित्रं मागून आणली. त्यात पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल, आणि कोण कुठून कुठे जातो त्याच्या रेघा. स्वयंपाकघरात चार खुर्च्या, केरसुणी, इस्त्रीचं टेबल आणि पुस्तकांची चळत अशी सात माणसं मांडली आणि चौकोनाच्या रेघा पाठ केल्या. झोपेत विचारलं असतंस तरी चौकोन सांगितला असता. पण पायांना वाचता येत नाही ना. मंगळवार आला, सूर वाजला, की पाय निघाले गोल होऊन. महिनाभर हेच. माझ्यामुळे सगळ्यांचा नाच बिघडायचा, आणि कोणी काही बोलायचं नाही, उलट चहाच्या वेळी जास्तीचं बिस्कीट माझ्या बशीत यायचं. दयेचं बिस्कीट घशाखाली उतरत नाही. सोडून द्यावं असं ठरवूनच मी डिसेंबरातल्या पहिल्या मंगळवारी गेलो.

त्या दिवशी बाईंनी मला थांबवून घेतलं. म्हणाल्या की नवखा माणूस कसाही, कुठेही चुकतो. मी तसा चुकत नाही. मी बाईचा भाग नाचतो, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक पाऊल न चुकता, आणि तोही जुन्या पद्धतीने, हल्ली कोणी शिकवत नाही तसा. ‘हे तुला कोणी शिकवलं?’ मी म्हटलं, टीव्हीवर पाहिलं असेल. बाईंनी माझ्याकडे बघितलं, आणि चाळीस वर्षं खोटं ऐकलेल्या बाईने बघावं तसंच बघितलं.

कोणी शिकवलं ते तुला माहीत आहे. तू चौदाची, ताडमाड, आणि तुमच्या नाचाच्या वर्गात मुलगे कमी म्हणून तुला कायम पुरुष केलेलं. घरी सरावाला बाई हवी. आई म्हणायची मला कामं आहेत. मग आठ वर्षांच्या मर्डोला आईचा एप्रन दोनदा गुंडाळून बांधायचा आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर उभं करायचं. अख्खा हिवाळा. मी चुकलो की हाताला चिमटा. बाहेर कोणाला सांगितलंस तर बघ, अशी मीच तुला धमकी दिली होती, आणि तू कधी सांगितलं नाहीस, एवढं कबूल करतो. पण बाकी सगळ्याला जबाबदार तू आहेस. माझी गावात गेलेली अब्रू, काकू हे नाव आणि डाव्या गुडघ्याची कळ, तिन्ही तुझी कामं, आणि हे लेखी कळवावं म्हणूनच हा पत्रप्रपंच. दुसरं काही नाही. कुत्र्याला माझा आशीर्वाद. थंडीत बाहेर पडू नकोस.

तुझा,
मर्डो

ता. क. १. एक सांगायचं राहिलं. बाईंनी शेवटी मला बायकांच्या रांगेतच हलवलं. म्हणाल्या, इतकी जुनी सवय मोडण्यापेक्षा रांग बदललेली बरी. आता सगळा नाच ठोक्यात होतो. लॅकीसुद्धा अदबीने हात देतो. फक्त भूत आता समोर, पुरुषाच्या जागी गेलं आहे.

ता. क. २. अठ्ठावीस फेब्रुवारीला, शनिवारी, हॉलमध्ये वर्षाचा नाच आहे. खरे वाजंत्री येणार, आजूबाजूच्या गावांतले लोक येणार, आणि पाहुण्यांसमोर भूत नाचवायचं नाही असा बाईंचा नियम आहे. आठवा मिळाला नाही तर आम्ही सातजण कडेला उभे राहून चहा ओतणार. मी बाईंना सांगितलं आहे की पुरुषाचा भाग चोख नाचणारं एक माणूस माझ्या माहितीत आहे. उंच आहे, ओबानला असतं, थोडं रागीट आहे. बाई म्हणाल्या, इफी का? आणि त्यांनी यादीत नाव लिहून टाकलं. पुरुषांच्या खाली. ओबानहून सकाळची बस आहे. कुत्र्यालाही आण.

ता. क. ३. गाडीचे दिवे चालू नव्हते. दाजी जाऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. नवरीच्या आईने आता नाचायला यायचं म्हणून वाजंत्री थांबले होते, आणि तू तो निळा झगा घालून सगळा हॉल ओलांडून सरळ माझ्याकडे आलीस आणि हात पुढे केलास. मला एकच भाग येत होता, ताई. दोनशे माणसांसमोर मी गुडघे लववले असते, आणि लोक तुला हसले असते, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. मला हसले असते एवढंच खरं आहे. चाळीस मिनिटं गाडीत बसलो होतो. खिडकीतून तू एकटी उभी दिसत होतीस. हे तुला त्याच दिवशी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, म्हणून चार वर्षं कुत्र्याची चौकशी करत बसलो. हल्ली दर मंगळवारी बाई भुताच्या डोळ्यांत बघायला लावतात, आणि मला ते जमत नाही.

ता. क. ४. बॉयलर नोव्हेंबरातच दुरुस्त झाला.

ता. क. ५. तुझे जुने नाचाचे बूट आईच्या पेटीत सापडले. चामडं कडक झालं होतं, तेल लावून मऊ केलं आहे, नाड्या नव्या घातल्या आहेत. पहिल्या सुराला तू वाकायचंस, मी गुडघे लववीन, मग हसू देत सगळ्यांना. मी चुकलो तर पूर्वीसारखा चिमटा काढ. चुकलोच आहे, तेव्हा आल्या आल्या काढलास तरी चालेल.