परिषद गोंदियातच काऊन?

३ डिसेंबर, बुधवार

काऊन? का म्हणून? दिवसभर हा एकच प्रश्न ऐकला.

सकाळी ओमेशचा फोन. "रचना, तू खरंच गोंदियाचं नाव टाकलं? काऊन पण?" मी म्हटलं, सिंगापूर चालतं, दुबई चालतं, मग गोंदियाने कोणाचं काय बिघडवलं? तो हसत सुटला. हा मूळचा गोंदिया जिल्ह्यातल्याच तिरोड्याचा. कित्येक वर्षं बंगळुरात आहे आणि कोणी गाव विचारलं की 'नागपूरकडचा' म्हणतो. आणि हाच माणूस आमच्या संघाच्या निवड समितीवर!

आमचा संघ म्हणजे जगभरच्या ब्लॉकचेनवर काम करणाऱ्या प्रोग्रामरांचा. दरवर्षी एका शहरात परिषद. यंदा पहिल्यांदाच, कोणीही सभासद शहर सुचवू शकतो असं ठरलं. मी गोंदियाजवळ आमगावात, आईबाबांच्या घरी बसून याच संघासाठी काम करते. सुचवलं. रेल्वे आहे, विमानतळ आहे, लग्नाची एवढी मोठाली लॉन्स आहेत. सगळं लिहिलं.

आई म्हणाली, "एवढ्या लोकायचा सैपाक कोन करन?"

बाबा उठले. ताटात भात तसाच ठेवून हात धुवायला गेले.

६ डिसेंबर, शनिवार

विहारात गेलो तिघं. बाबासाहेबांना अभिवादन झालं. पूर्वी आजच्या दिवशी बाबांचं भाषण असायचं. रत्नपाल मास्तर बोलणार म्हणजे बाहेर रस्त्यापर्यंत माणसं. आज ते दारापाशी चपलांजवळ बसले. कोणी 'पुढं या' म्हटलं नाही.

खरं कारण इथे लिहून ठेवते, अर्जात ते नाही.

तीन वर्षांपूर्वी आमगावात एक कॉइनवाला आला होता. गोड बोलणारा. ब्लॉकचेन, ब्लॉकचेन करत सभा घेतली आणि अध्यक्ष म्हणून बाबांना बसवलं. 'मास्तरांची पोरगी बंगळुरात हेच काम करते.' मी हेच काम करत नव्हते! त्याच्याजवळ ब्लॉकचेन नव्हतीच. मोबाइलच्या पडद्यावर रोज वाढणारा एक खोटा आकडा होता, बस. लोकांनी पैसे दिले, तो पळाला. कोणी बाबांच्या दारावर आलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. नुसतं बोलावणं बंद केलं. भांडले असते तर बरं झालं असतं.

म्हणून गोंदिया. 'ब्लॉकचेन' हा शब्द इथे पुन्हा ताठ मानेने उच्चारता यावा म्हणून.

९ डिसेंबर, मंगळवार

सरकारी ना हरकत पत्र हवं. तीन टेबलं फिरले. पहिल्यावर "मॅडम, नागपूरले करा ना." दुसऱ्यावर "नागपूर जवळच आहे." तिसऱ्यावर साहेब.

"बिटकॉइन का?"

"नाही साहेब. समजा एकाच वहीच्या हजार प्रती हजार लोकांकडे आहेत. एकाने खाडाखोड केली तर बाकीच्यांना लगेच—"

"म्हणजे बिटकॉइनच."

शेवटी म्हणाले, विषय बदलून आणा. बाहेरच्या बाबूने स्वतःच लिहिलं: 'संगणक मेळावा'. मी त्याच्याकडे बघत राहिले. तो म्हणाला, "सही करा, गाडी सुटन तुमची."

केली सही.

१० डिसेंबर, बुधवार

आई म्हणते, संगणक मेळावा म्हटलं तं लोक येतीन तरी.

१६ डिसेंबर, मंगळवार

आज एक काम झालं. गोंदियाचे श्यामलालजी. राइस मिल आहे, शिवाय शहराबाहेर मोठं लॉन. पांढरी मिशी, बोलणं सगळं हिंदीत. माझं सगळं ऐकून घेतलं. मध्ये टोकलं नाही, ही आजकाल मोठीच गोष्ट.

"विदेशी लोग आएँगे? गोंदिया में?"

"येतील ना."

"तो बेटी, लॉन अपना ही समझो." तिथेच लेटरहेडवर इंग्रजीत संमती लिहून दिली, शिक्का मारला. मग म्हणाले, "बस एक बात बताओ. गोंदियाच काहे?" शेवटी तेही तेच. पण हसून विचारलं.

घरी येऊन बाबांना पत्र दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं. परत दिलं. "इंग्रजी बराबर आहे," एवढंच.

२३ डिसेंबर, मंगळवार

समितीसमोर व्हिडिओवर बोलायचं होतं. आठवडाभर तयारी केली. भाताचे बांध, सारस पक्षी, स्टेशन, लॉन, सगळ्यांचे फोटो.

पहिला प्रश्न: मोठी हॉटेलं किती? दुसरा: शहरापर्यंत पक्का रस्ता आहे का? पक्का रस्ता! ओमेशचं घर त्याच रस्त्यावर आहे. ओमेश पाणी पीत होता. मी त्याच्या चौकटीकडे बघत होते, की आता बोलेल, आता बोलेल. त्याने बाटलीचं झाकण लावलं.

तिसरा प्रश्न न्जेरी नावाच्या बाईंचा, नैरोबीहून. "तुमच्या गावातल्या लोकांना यातून काय मिळेल?" मी तोंड उघडलं आणि लाइन गेली. घरची लाइन! मोबाइलवरून परत जोडलं तोवर दुसऱ्या शहराचा नंबर लागला होता.

मागून ओमेशचा मेसेज. 'चांगलं बोललीस.' उत्तर दिलं नाही.

२४ डिसेंबर

रस्ता आहे. चारपदरी आहे. हे मी कोणाला सांगू आता.

५ जानेवारी, सोमवार

शेवटच्या दोन शहरांत गोंदिया! दुसरं मलेशियातलं पेनांग. दोन्हीकडे पाहणी होणार. इथे न्जेरीबाई येणार आहेत, वीस तारखेला.

आईने पहिलं विचारलं, त्या भात खातेत का.

९ जानेवारी, शुक्रवार

श्यामलालजींनी संमती मागे घेतली.

फोनवर आधी म्हणाले, त्या तारखांना लग्नाचं बुकिंग आहे. मी तडक गोंदियाला गेले. त्यांनी चहा मागवला, इकडचं तिकडचं बोलले. मग हळूच, "बेटी, तुम आमगाववाले मास्टरजी की लड़की हो? वो सिक्केवाला मामला... मेरे यहाँ के दो मुनीम भी उसमें गए थे." 

मी म्हटलं, माझ्या वडिलांचेही पैसे गेले. त्यांनीही भरले होते. श्यामलालजींना हे माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नाही, कारण बाबा सांगत नाहीत. श्यामलालजींनी चहाचा कप खाली ठेवला. म्हणाले, "मेहमान को लॉन दिखा दो. उसको मना नहीं करूँगा. लेकिन चिट्ठी अभी नहीं."

परतीच्या गाडीत चीड चीड झाली. कोणावर, ते कळेना. त्या पळालेल्यावर? तो तर दिसतही नाही. मग जो दिसतो त्याच्यावर निघते. घरी येऊन बाबांशी उगीच वाकडं बोलले. पाण्याच्या मोटरवरून.

२० जानेवारी, मंगळवार

सगळं संपलं. नीट क्रमाने लिहिते, नाहीतर झोप येणार नाही.

न्जेरीबाई नागपूरहून रेल्वेने आल्या. धुक्यामुळे गाडी लेट. उंच, पन्नाशीच्या, पायात साधे बूट. श्यामलालजींनी लॉन दाखवलं, हौसेने पोहे खाऊ घातले. बाईंनी दोनदा घेतले. सगळं छान चाललं होतं. जेवायला आमगावला, आमच्या घरी आणलं. इथेच चुकलं.

आई त्यांना 'नजरीबाई' म्हणत होती आणि वाढत होती. जेवणानंतर बाईंनी बाबांकडे वळून विचारलं, "परिषद इथे झाली तर गावातले लोक येतील?" मी मराठीत सांगितलं.

बाबा म्हणाले, "नाही येनार."

मी इंग्रजीत सांगितलं, "हळूहळू येतील, असं म्हणतात ते."

"रचना," बाबा म्हणाले, "मी तसं नाही म्हन्लो."

मी विसरलेच होते. चाळीस वर्षं शाळेत घालवलेला माणूस. इंग्रजी बोलत नाही, पण कळतं सगळं. मग ते वर्गात सांगायचे तसं, थांबून थांबून बोलले, आणि प्रत्येक वाक्यानंतर माझ्याकडे बघत राहिले, मी ते पुढे पोचवेपर्यंत.

"आमच्या गावात एक मानूस आला होता. मी त्याच्या बाजूले खुर्चीवर बसलो. तो काय सांगून राहिला, मले काही समजत नव्हतं. समजत नाही म्हनाची लाज वाटली. मास्तर ना मी."

सांगितलं.

"दुलीचंद म्हनून माझा दोस्त आहे. एका वर्गात शिकलो आमी. त्यानं त्या मानसाले नाही, मले पाहून पैसे देल्ले. पोरीच्या लग्नाचे होते. एक शब्द नाही म्हन्ला मले. बोलनंच सोडलं."

सांगितलं.

"तुमी चांगले लोक असान. पन शब्द तुमचाही तोच. त्यात खोटं कोनतं होतं अन् खरं कोनतं, हे मलेच अजून समजलं नाही. मंग दुलीचंदले कायले बोलावू?"

हेही सांगितलं. एक शब्द न गाळता. माझ्याच तोंडाने माझा प्रस्ताव बुडवला.

बाईंनी काही लिहून घेतलं नाही. बाबांचा हात हातात घेतला, धन्यवाद म्हणाल्या. संध्याकाळच्या गाडीने गेल्या. स्टेशनवर मी सारवासारव करायला लागले तर म्हणाल्या, "तुझे वडील स्पष्ट बोलतात." यात चांगलं काय नि वाईट काय, समजलं नाही.

मी घरी येऊन बाबांना विचारलं, "तुम्हाला समजत नव्हतं तर मला काऊन नाही विचारलं?"

"तू रागात राहते," म्हणाले.

२१ जानेवारी

बोलत नाही मी त्यांच्याशी. आई दोघांना वेगवेगळं वाढते.

३० जानेवारी, शुक्रवार

पेनांग.

ओमेशचा फोन आला. म्हणाला, शेवटच्या बैठकीत मी तुझ्या बाजूने बोललो, मी तिथलाच आहे, तिरोड्याचा, हेही सांगितलं. मी विचारलं, आता? रस्ता विचारला तेव्हा कुठे होतास? तो म्हणाला, "लाज वाटली गं." तेच. बाबांचंच वाक्य, वीस मिनिटांच्या अंतरावरच्या दुसऱ्या गावच्या माणसाच्या तोंडून. नाही, वीस मिनिटं नाही, तिरोडा लांब आहे. काय लिहिते आहे मी.

त्याच्यावर ओरडायचं होतं. ओरडता आलं नाही.

३१ जानेवारी, शनिवार

न्जेरीबाईंचं पत्र. पेनांगच्या परिषदेत पहिल्या सकाळचं पहिलं भाषण माझ्या वडिलांनी करावं. मराठीत चालेल. येण्याजाण्याची सोय संघ करेल. दुभाषी म्हणून मी.

दुभाषी! एवढे दिवस मी दारोदार फिरले. संगणक मेळावा म्हणून सही केली. आणि बोलावणं कोणाला, तर ज्यांनी 'नाही येनार' सांगितलं त्यांना.

सांगणार नाही त्यांना. निदान आज तरी नाही.

२ फेब्रुवारी, सोमवार

सांगितलं. न राहवून. बाबा अंगणात लाखोळीची डाळ निवडत होते. सूप खाली ठेवलं.

"तिथं जाऊन कायले सांगू? तिथं कोनाचे गेले?"

मी म्हटलं, मान आहे बाबा, नाही म्हणू नका.

"'नाही' नाही म्हनत. पन पहिले इथं बोलावं लागन." मग थोड्या वेळाने, सूप पुन्हा हातात घेऊन, "त्याच्याआधी तू मले शिकव. पहिल्यापासून."

४ फेब्रुवारी, बुधवार

बाबा भयंकर विद्यार्थी आहेत. "हजार प्रतीतल्या सहाशे लोकायनं मिळून खोटं लेहलं तं?" मी उत्तर देते. "मंग तो मानूस सांगे ते कोनत्या वहीत होतं?" कोणत्याच नाही बाबा, त्याची वही त्याच्या एकट्याकडेच होती, तीच तर गोष्ट. "हे सांग ना मंग सरळ. इतका वेळ काऊन घुमवते?"

डोकं फिरलं. मी उठून आत गेले. पाच मिनिटांनी परत येऊन बसले. ते तसेच बसलेले, पेन्सिल घेऊन.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

बाबांनी घरोघर जाऊन रविवारी विहारात सभा आहे म्हणून सांगितलं. दुलीचंदकाकांच्या घरीही गेले. काका दारात आले, ऐकून घेतलं, आत गेले. येतो म्हणाले नाहीत.

८ फेब्रुवारी, रविवार

विहाराच्या आवारात चाळीसेक माणसं. दुलीचंदकाका आले होते. बाबा बोलले, सगळं, त्यांचेही पैसे गेले तेसुद्धा. कोणी मान वर केली नाही. मग काका उठले. मला वाटलं, चालले.

त्यांनी खुर्ची उचलली, माझ्यासमोर आणून ठेवली आणि बसले.

"हं," म्हणाले. "आता तू सांग, पोरी. खरं कोनतं?"