टोपलीतला राजमा

आई,

भिजवलेला राजमा वीस मिनिटं खळखळून उकळला आणि पातेल्यासकट टोपलीत ठेवलाय. भोवती केळीची सुकी सोपटं नि जुनं ब्लँकेट घट्ट कोंबलंय. उघड्या पातेल्यातली ऊब निघून जाते, सोपटांतून तिला वाट मिळत नाही; तेवढ्या उबेवर तो शिजेल. एक वाजेपर्यंत उघडू नका.

काल तुम्ही यांच्यासमोर म्हणालात, “विस्तवाशिवाय स्वयंपाक म्हणजे चेटूक! ही परीक्षेला गेली तर चुलीपाशी कोण बसणार?” केळ्यांचं मटोके गरम राहावं म्हणून तुम्हीही ते पानांत गुंडाळताच की. त्याला कधी चेटूक म्हटलं नाहीत.

मी मसाका शहरात सुईणीच्या परीक्षेला गेलेय. हे विचारतील, तर तसंच सांगा. राजमा शिजला, तर उद्याच्या पेपरलाही जाईन. कच्चा राहिला, तरी जाईन.

नालवोगा