मावशीचा पट्टा काढल्यावर

मी, खाली सही करणारा, वय सव्वीस, धंदा लाकडाच्या वखारीत खेचराकडून ओंडके ओढून घेण्याचा, शिक्षण नववीपर्यंत, राहणार वखारीमागच्या दोन खोल्यांत, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने, पोटभर जेवून आणि दार उघडं ठेवून लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे.

दाखला देताना डॉक्टरांनी मला वार विचारला आणि शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी थेट दोनपर्यंत उतरलो. "पुरे, पुरे," ते म्हणाले. खेचराविषयी त्यांनी काही विचारलं नाही, मीही आपणहून बोललो नाही. पुढचा मजकूर वाचून कोणाला माझ्या बुद्धीची शंका आली, तर त्याने आधी दाखला पाहावा.

माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. "धोका नगण्य आहे," डॉक्टर म्हणाले.

"म्हणजे अजिबात नाही का?"

"नगण्य म्हणजे नगण्य."

मी घरी येऊन शब्दकोशात पाहिलं. नगण्य म्हणजे मोजण्यासारखा नाही असा. नाही असा नव्हे. म्हणून हे लिहीत आहे.

एक. बाबांची करवत, कुऱ्हाड, पहार आणि साखळीच्या आकड्या नालवाल्याला द्याव्यात. मावशीला, म्हणजे आमच्या खेचराला, नाल तोच ठोकतो आणि बाबा गेल्यावर त्याने तिला मारलं नाही, ओरडलाही नाही. कुऱ्हाडीचा दांडा सैल आहे. तो पाण्यात भिजवून चालणार नाही, पाचर मारावी लागेल. त्याला हे माहीत आहे, तरी लिहून ठेवलं.

दोन. माझ्या बहिणीचे यजमान, म्हणजे भावजी, यांना बाबांची छत्री द्यावी. ती गळते, हे मला ठाऊक आहे. बाबांना पोचवून आलो त्याच दिवशी भावजी दारात चपला घालता घालता म्हणाले होते, "आता खेचर काढून टाका. खाटीक वजनावर घेतो." भावजी पलीकडच्या वखारीत ओंडके उचलायचं यंत्र चालवतात, त्यामुळे जनावर त्यांना वजनानेच दिसणार. छत्रीखेरीज माझ्या मनात त्यांच्याविषयी काही उरलेलं नाही.

तीन. दोन्ही खोल्या, त्यातलं सामान आणि बँकेत जे काही असेल ते माझ्या थोरल्या बहिणीला, ताईला, द्यावं. याला कोणतीही अट नाही. वखारवाले काका म्हणाले, "अरे, खेचर सांभाळलं तरच घर मिळेल, असं घाल की. बांधून टाक तिला." मी घातलं नाही. अटीसाठी सांभाळलेलं मावशीला पहिल्याच दिवशी कळेल.

चार. आता मावशी. हा या कागदातला मुख्य भाग आहे.

मावशी म्हणजे एक मादी खेचर, रंग राखाडी, डाव्या कानाला खाच. कायद्याने ती जंगम मालमत्ता धरली जाते, म्हणून इथे लिहावी लागते. माझा नाइलाज आहे. आई गेली त्यानंतर थोड्याच दिवसांत बाबांनी तिला आणलं. ताईने विचारलं, हिला काय म्हणायचं? बाबा म्हणाले, "आई तर आणता येत नाही. मावशी म्हणा." तेव्हापासून ती मावशी.

वखारीत दिवसभर करवतीचं यंत्र चालतं. शेजारच्या माणसाची हाक ऐकू येत नाही, तिथे जनावराला काय ऐकू जाणार? दुसरे गडी चाबूक ठेवत. बाबांनी वेगळी रीत धरली. साखळी लावायची, मागे सरायचं, तिच्या मानेवर तळहात ठेवायचा आणि ओंडका जिथे न्यायचा ती जागा मनात आणायची. की ती निघायची. तिच्याकडूनही तसंच यायचं. शब्द नसायचे. नालेत खडा अडकलेला दिसायचा, तहान लागायची. मला ते लहानपणापासून येतं. मी त्याचा गाजावाजा केला नाही, कारण आमच्या घरात ते चूल पेटवण्याइतकं साधं होतं.

पण बाबांचा एक कडक नियम होता. पट्टा चढवला की घरचं काही डोक्यात आणायचं नाही. ते स्वतः पाढे म्हणत. मी अवघड शब्द मनात लिहितो, ऱ्हस्व-दीर्घासकट. मावशीला त्याने बरं वाटतं, कान सैल सोडते.

ताई म्हणते की तिला असलं काही कधी कळलं नाही. याबद्दल मला लिहायचं आहे.

ताईने भावजींशी लग्न करायचं ठरवलं, तेव्हा बाबा म्हणाले, "यंत्रवाल्याच्या घरात जायचं तर या फाटकातून परत येऊ नकोस." ती बॅग घेऊन निघाली ती पुलापलीकडे राहायला गेली. बाबांनी पुन्हा तिचं नाव घेतलं नाही. मग ओंडक्यांची थप्पी कोसळून बाबा गेले. मावशी मध्येच चालू लागली, साखळी ताणली गेली आणि ओंडके बाबांवर आले. हे सगळ्यांनी पाहिलं. का चालू लागली, ते कोणाला कळलं नाही. मलाही नाही. त्या दिवसापासून मावशी काम करायची, पण तिच्याकडून काही येत नव्हतं. कुलूप घातलेल्या घरापुढे उभं राहावं तसं वाटायचं.

गेल्या रविवारी मी ताईकडे गेलो.

"भरती कधी?" ती म्हणाली.

"गुरुवारी."

"डबा मी आणेन. तिथलं खाऊ नकोस. आणि स्वेटर घेऊन जा, थंडगार खोल्या असतात."

"ताई, मावशीचं काहीतरी..."

"तिचं नाव काढू नकोस."

"मला काही झालं तर तुझ्याकडे..."

"तुला काही होत नाही. आणि ठेवू कुठे तिला? गॅलरीत, कपड्यांच्या दोरीखाली?"

भावजी आतून म्हणाले, "वजनावर अजून चांगला भाव आहे."

"तुम्ही जरा गप्प बसा हो," ताई म्हणाली. मग माझ्याकडे न बघता भांडी पुसत राहिली. "बाबा दिवसभर त्या जनावराशी मनातलं बोलायचे. माझ्याशी एक शब्द नाही. शेवटपर्यंत रागातच गेले ना? मग मी त्यांच्या लाडकीला चारा घालू?"

मला जे सांगायचं होतं ते तिने सांगू दिलं नाही. मी उठलो. जिन्यापर्यंत आलो तेव्हा तिने मागून हाक मारली.

"तिला पाणी जास्त ठेवत जा. रात्री कोरडी राहते ती."

आमचा हौद त्याच आठवड्यात तडकला होता. रात्रीतून पाणी झिरपून जायचं. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. ताई, पूल ओलांडून तुला तिची तहान कळली. तुला येत नाही असं नाही. तू मावशीजवळ जात नाहीस, कारण तिच्याकडून काय कळेल याची तुला भीती वाटते.

ते काय आहे, हे मला आता माहीत आहे, म्हणून इथे लिहितो.

ऑपरेशनचं ठरलं त्या संध्याकाळी मी मावशीच्या मानेला कपाळ लावून उभा राहिलो आणि तिला दवाखाना दाखवला. मी परत येईन असं दाखवायचा प्रयत्न केला, पण ते मला नीट दाखवता आलं नाही. तेव्हा इतक्या दिवसांनी तिच्याकडून आलं. सगळं तिच्या उंचीवरून होतं, दोन्ही बाजूंचं एकदम. एका बाजूला बाबा थप्पीखालची पाचर काढून उभे, एक हात तिच्या मानेवर. दुसऱ्या बाजूला वखारीचं फाटक. आणि फाटकात तू. तीच बॅग घेऊन, परत आलेली.

तू तिथे नव्हतीस. तू बाबांच्या मनात होतीस. पाढे म्हणता म्हणता त्यांना तू आठवलीस, आणि मनात आणलेलं आणि डोळ्यांपुढचं यात मावशीला फरक कळत नाही. तू शाळेतून यायचीस तेव्हा ती फाटकापर्यंत सामोरी जायची, आठवतं? तशीच ती निघाली. साखळी लावलेली आहे हे ती विसरली.

ताई, तुझ्यामुळे झालं असा अर्थ यातून काढू नकोस. पट्टा चढवल्यावर घरचं मनात आणायचं नाही, हा नियम बाबांचा होता आणि तो त्यांच्याकडूनच मोडला. आणि ते रागात गेले असंही पुन्हा म्हणू नकोस. त्या क्षणी त्यांनी तुला घरी आणलेलं होतं.

मला हे मावशीने सांगितलं. माझ्यानंतर ते सांगायला तिला दुसरं कोणी नाही. म्हणून मावशी मी ताईला देतो. तिने नाही म्हटलं तर नालवाल्याने तिला ठेवून घ्यावं. खाटकाला कोणीही, कोणत्याही भावाने देऊ नये.

पाच. सांभाळण्याविषयी. वखारवाल्या काकांनी तिची शेड तिच्याकडेच ठेवायचं कबूल केलं आहे, त्यामुळे गॅलरीचा प्रश्न नाही. हौदाला मी सिमेंट लावलं आहे, तरी पाहत राहावं. ओंडक्यांना आता तिला जुंपू नये. पण नुसती उभी राहिली तर तिचे पाय आखडतात, म्हणून रोज सकाळी भुशाची हलकी गाडी रस्त्याच्या टोकापर्यंत न्यावी. पट्टा आधी हाताने उबदार करून मग चढवावा. त्या वेळी ताईने काय म्हणायचं ते तिचं तिने ठरवावं, पाढे चालतील.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी. गाडी जोडलेली असताना माझी आठवण काढू नये. मी मनात आलो की मावशी मला घ्यायला निघेल, आणि रस्त्यावर गाड्या असतात. परत यावं, गाडी सोडावी, पट्टा काढावा, फाटकाला कडी लावावी. मग माझी आठवण खुशाल काढावी, पाहिजे तेवढा वेळ. ती फाटकापर्यंत जाईल. तिच्याबरोबर जावं.

हा कागद मी वाचून पाहिला आहे. खाडाखोड नाही.

ठिकाण: वखारीमागची बाहेरची खोली.
दिनांक: भरती होण्याचा आदला दिवस, बुधवार, दुपार. आकड्यातली तारीख काकांच्या शिक्क्यात आहे.

लिहून देणार: (सही)

आमच्यासमोर, शुद्धीवर असताना सही केली:
साक्षीदार पहिला: वखारवाले काका (सही व शिक्का)
साक्षीदार दुसरा: वखारीत करवतीवर काम करणारा गडी (सही)

ताई आणि नालवाला साक्षीला चालत नाहीत, कारण त्यांना द्यायचं आहे.